शाळेत साम्यवाद कसा शिकवावा: आठ तासांचा आराखडा

साम्यवाद शिकवताना बहुतेक वर्गांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर मार्क्सची चार वाक्यं आणि रशियन क्रांतीची तारीख वहीत उतरते आणि धडा संपतो. नाहीतर छळछावण्या आणि दुष्काळाच्या आकड्यांनीच सुरुवात होते, आणि कोट्यवधी माणसं या विचाराकडे मुळात ओढली का गेली हा प्रश्न मुलांना पडतच नाही. दोन्ही धडे घ्यायला सोपे आहेत आणि दोन्हींतून मूल अर्धंच शिकतं.

यातून वाट काढायची तर तीन प्रश्न पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे लागतात. हा विचार नेमकं काय सांगतो? त्याच्या नावाने सत्तेवर आलेल्यांनी काय केलं? आणि पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ग्रंथांत आणि सरकारी दप्तरांत सापडतात. तिसऱ्यावर इतिहासकार आजही भांडतात. शिक्षकाची खरी कसरत इथेच आहे: तिसरा प्रश्न वर्गात मोकळा सोडायचा, पण त्या मोकळेपणाच्या नावाखाली दुसऱ्याची उत्तरं पातळ होऊ द्यायची नाहीत. सोव्हिएत संघातला १९३३ चा दुष्काळ झाला की नाही हा मताचा विषय नाही. तो का झाला, कोणाच्या निर्णयामुळे झाला, यावर वाद घालता येतो, पण पुरावा समोर ठेवून.

वय आणि वेळ

पूर्ण आराखडा ४० मिनिटांच्या आठ तासांचा आहे आणि तो १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी आहे. १० ते १२ वर्षांच्या मुलांसाठी पहिला आणि दुसरा तास आणि तिसऱ्या तासातल्या कारखान्याच्या खेळाची फक्त पहिली फेरी पुरे. त्या वयात उपासमारीची छायाचित्रं दाखवू नका. मुलं हादरतात, काही दिवस त्याबद्दलच बोलतात आणि कारणं मात्र विसरतात. १५ च्या पुढच्या मुलांना मूळ कागदपत्रांचे उतारे द्या. उतारा दीडशे शब्दांहून मोठा नको आणि त्यावर तीनच प्रश्न: हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, यात काय सांगायचं टाळलं आहे.

सुरू करण्याआधी भिंतीवर एक दोरी बांधा. १ सेंटीमीटर म्हणजे १ वर्ष. १८४० ते २००० ही १६० सेंटीमीटरची दोरी कोणत्याही वर्गात मावते. १८४८ (जाहीरनामा), १८८३ (मार्क्सचा मृत्यू), १९१७ (रशियन क्रांती), १९४९ (चिनी क्रांती), १९९१ (सोव्हिएत संघाचं विघटन) एवढ्या पाच चिठ्ठ्या आधी लावा, बाकीच्या मुलं लावत जातील. या दोरीचा सगळ्यात मोठा फायदा साधा आहे. मार्क्सनेच रशियात क्रांती केली अशी अनेक मुलांची समजूत असते. मार्क्सचा मृत्यू आणि ऑक्टोबर क्रांती यांच्यातलं ३४ सेंटीमीटरचं अंतर बोटाने मोजलं की ती समजूत कायमची जाते.

पहिला तास: शब्द

सुरुवातीला प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्या. साम्यवादाबद्दल जे माहीत आहे, ऐकलं आहे, वाटतं, ते नाव न घालता दोन ओळींत लिहायचं. चिठ्ठ्या बंद पाकिटात ठेवा. आठव्या तासापर्यंत त्या उघडायच्या नाहीत, आणि शिक्षकानेही चोरून वाचायच्या नाहीत.

मग शब्द. पहिला गोंधळ ‘खाजगी मालमत्ता’ या शब्दाचा. ‘म्हणजे माझी सायकलसुद्धा सगळ्यांची?’ हा प्रश्न येतोच. फळ्यावर दोन रकाने करा: वापरायच्या वस्तू आणि उत्पादनाची साधनं. सायकल, कपडे, वही पहिल्या रकान्यात. कारखाना, खाण, रेल्वे, मोठी शेतजमीन दुसऱ्यात. मार्क्सचा रोख दुसऱ्या रकान्यावर होता. मग शिवणयंत्र कुठे टाकायचं ते मुलांना विचारा. घरचे कपडे शिवले तर एकीकडे, चार कामगार ठेवून शिवून घेतले तर दुसरीकडे. हे उत्तर मुलांनी स्वतः काढलं की पुढचे निम्मे शब्द आपोआप सुटतात.

दुसरा गोंधळ समाजवाद आणि साम्यवाद यांचा. याला एका ओळीची व्याख्या नाही, कारण शब्दांचे अर्थ काळाबरोबर बदलले. मार्क्सने १८७५ मध्ये भविष्यातल्या समाजाच्या दोन पायऱ्या मांडल्या: आधी ज्याच्या त्याच्या कामानुसार मोबदला, आणि खूप पुढे गरजेनुसार. लेनिनने १९१७ मध्ये पहिल्या पायरीला समाजवाद म्हटलं. म्हणूनच सोव्हिएत संघाच्या नावात ‘समाजवादी’ होतं. आपण साम्यवाद गाठला असं त्या देशाने कधी म्हटलं नाही. १९६१ च्या पक्ष-कार्यक्रमात तो १९८० पर्यंत उभारण्याचं वचन तेवढं दिलं होतं. दुसरीकडे पश्चिम युरोपातल्या समाजवादी पक्षांनी निवडणुका, कर आणि कामगार कायदे हा मार्ग धरला. मुलांना एवढं सांगा की शब्द भेटला की आधी विचारायचं: कोण बोलतंय आणि कोणत्या साली?

वर्ग, भांडवल, सर्वहारा (फक्त श्रमावर जगणारा कामगारवर्ग), वरकड मूल्य हे शब्द आज फक्त फळ्याच्या कडेला लिहून ठेवा. अर्थ खेळातून येईल. ‘सोव्हिएत’ म्हणजे परिषद, निवडून आलेल्या कामगार-सैनिकांचं मंडळ, एवढं मात्र आजच सांगा, नाहीतर ते देशाचं किंवा लोकांचं नाव आहे असं मुलं धरून चालतात.

दुसरा तास: कारखाना आणि जाहीरनामा

इंग्लंडच्या १८३३ च्या कारखाना कायद्यापासून सुरुवात करा. कापड गिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना बंदी, ९ ते १३ वयाच्यांना आठवड्याला ४८ तास, १३ ते १८ वयाच्यांना दिवसाला १२ तास. मुलांना हे मोठ्याने वाचू द्या आणि विचारा: ही सुधारणा असेल, तर आधी काय असेल? यापेक्षा चांगली प्रस्तावना नाही.

त्यापाठोपाठ ब्रिटिश समाजसुधारक एडविन चॅडविकच्या १८४२ च्या अहवालातले मँचेस्टरचे आकडे द्या. सुशिक्षित व श्रीमंत घरांत मृत्यूचं सरासरी वय ३८, मजुरांच्या घरांत १७. इथे लगेच थांबा, कारण मुलं म्हणणार की मजूर सतराव्या वर्षी मरायचे. तसं नाही. तान्ही मुलं मोठ्या संख्येने दगावली की सरासरी खाली येते. पाच जणांचं उदाहरण फळ्यावर करा: मृत्यूची वयं १, १, २, ३५, ४६, बेरीज ८५, सरासरी १७, आणि सतराव्या वर्षी मेलेलं एकही माणूस नाही. सहाव्या तासाला याहून मोठे आकडे हाताळायचे आहेत, तेव्हा हा सराव उपयोगी पडतो.

आता १८४८ चा साम्यवादी जाहीरनामा. मार्क्स आणि एंगल्स यांनी त्यात दहा मागण्या दिल्या आहेत. त्या साध्या भाषेत दहा पट्ट्यांवर लिहा आणि गटांना तीन ढीग करायला सांगा: आज अनेक देशांत आहे, थोडंफार आहे, कुठेच नाही किंवा जवळजवळ नाही. उत्पन्नाबरोबर चढत जाणारा कर, सर्व मुलांना सरकारी शाळांत मोफत शिक्षण, मुलांच्या कारखान्यातल्या कामावर बंदी, राष्ट्रीय बँक या पट्ट्या पहिल्या ढिगात जातात आणि मुलं चमकतात. वारसाहक्क रद्द करणं, जमिनीची खाजगी मालकी संपवणं, देश सोडून गेलेल्यांची आणि बंडखोरांची मालमत्ता जप्त करणं या पट्ट्या दुसऱ्या टोकाला जातात. पण ‘बघा, आपण सगळेच थोडे साम्यवादी’ असा निष्कर्ष काढू देऊ नका. मोफत शाळेची मागणी इतर अनेकांचीही होती. शिवाय लेखकांनीच १८७२ च्या प्रस्तावनेत म्हटलं की या मागण्या आता आपण वेगळ्या शब्दांत मांडल्या असत्या. जाहीरनाम्याचा गाभा या यादीत नाही. तो वर्गसंघर्षाच्या मांडणीत आहे, आणि जुनी व्यवस्था बळाने उलथून टाकावी लागेल या उघड विधानात आहे. हे विधान लपवू नका. पुढच्या चार तासांचा बराच वाद त्याच्याभोवती फिरतो.

तिसरा आणि चौथा तास: पाकिटांचा कारखाना

हे दोन तास सलग मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास दुसऱ्या फेरीनंतर तोडा, मधे कुठेही नाही.

आधी एक इशारा. ‘सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढून सर्वांना सारखे गुण द्या आणि बघा अभ्यास कोण करतं’ हा प्रयोग खूप लोकप्रिय आहे, आणि तो वाईट आहे. मार्क्सने सरसकट समान वाटपाची मागणी केली नव्हती, म्हणजे जे शिकवायचं तेच चुकतं. शिवाय प्रयोगाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि मुलांना ते पाचव्या मिनिटाला कळतं.

३३ मुलांचा वर्ग धरू. पाच-पाच जणांचे सहा गट, उरलेले तिघे हिशेबनीस. गटात एक मालक, चार कामगार; मालक चिठ्ठी टाकून ठरवा. हुशार किंवा बोलक्या मुलांना मालक केलंत तर ‘लायकीमुळेच मालकी मिळते’ हा धडा नकळत शिकवला जातो. साहित्य: एका बाजूने वापरलेले ए-फोर कागद सुमारे ११०, प्रत्येकाचे चार तुकडे; १२ कात्र्या, ६ मोजपट्ट्या, ६ गोंदाच्या कांड्या. प्रत्येक तुकडा निम्म्यात दुमडायचा, दोन बाजूंना १ सेंटीमीटरची कड ठेवून चिकटवायची, वरची कड सरळ कापायची. झालं पाकीट. पैशांसाठी खोट्या नोटा कापत बसू नका. हिशेबनिसांनी फळ्यावर तक्ता ठेवला की पुरतं.

पहिली फेरी, १० मिनिटं. कात्री, पट्टी, गोंद आणि कागद मालकाचे, कामगारांकडे फक्त हात. शिक्षक ग्राहक. पाकिटात खोडरबर टाकून तीनदा हलवायचं. कड सुटली तर पाकीट नाकारायचं. चांगल्या पाकिटाला १० रुपये, कागद नगाला २, अवजारांची झीज फेरीला २०, प्रत्येक कामगाराला मजुरी २०. सुरुवातीला प्रत्येक मालकाकडे १५०. एक कामगार साधारण ५ पाकिटं करतो. गटाची २० पाकिटं गेली तर २०० आले. कागदाचे ४०, झिजेचे २०, मजुरीचे ८० गेले. मालकाकडे ६० उरले.

आता खेळ थांबवा आणि विचारा: हे ६० कोणाचे? पाच मिनिटं वर्ग तापू द्या. मग फळ्याच्या कडेचा शब्द वापरा. मार्क्सच्या मते हे वरकड मूल्य: मूल्य श्रमातून तयार झालं, मजुरी त्यापेक्षा कमी दिली, फरक मालकाने ठेवला. लगेच दुसरी बाजूही तितक्याच ताकदीने मांडा. मालकाने पैसा अडकवला, तोट्याची जोखीम घेतली, कामाची घडी बसवली. आणि वस्तूची किंमत श्रमावर नव्हे तर ग्राहकाला ती किती हवी यावर ठरते, असं १८७० नंतरच्या बहुतेक अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. दोन्ही उत्तरं वहीत समोरासमोर लिहून घ्या. निकाल देऊ नका.

दुसरी फेरी म्हणजे मंदी. पाकिटाची किंमत ५ वर आली. चौघांना ठेवलं तर येणार १००, खर्च १४०. मालकाने काय करायचं ते त्याने ठरवावं. गणित मुलांनाच करू द्या: एक कामगार २५ ची पाकिटं करतो, १० चा कागद लागतो, उरतात १५, मजुरी मात्र २०. म्हणून माणूस काढला की तोटा ५ ने कमी होतो. मजुरी १० वर आणली तर तोटा शून्य. काढलेल्या कामगारांना दुसऱ्या गटात जाऊन कमी मजुरीत काम मागायची मुभा द्या, आणि कामगारांना संप करायचीही. संप कधी टिकतो आणि कधी फुटतो हे मुलं इथे जे शिकतात ते कोणत्याही परिच्छेदातून शिकत नाहीत. बेकारांची फौज मजुरी खाली ओढते, या मार्क्सच्या मुद्द्याचं नाव, ‘राखीव फौज’, नंतर सांगा.

तिसरी फेरी. कात्र्या, गोंद, कागद सगळं सार्वजनिक. तिघे हिशेबनीस आता नियोजन मंडळ. मालकही हाताने काम करणार, म्हणजे गटात पाच जोड्या हात. किंमत पुन्हा १०, लक्ष्य गटामागे २५ पाकिटं. लक्ष्य गाठलं तर प्रत्येकाला २५, नाही गाठलं तर १५. कोणाला काढता येणार नाही. खोडरबराची चाचणी नाही, फक्त मोजणी. लक्ष्य पूर्ण झालं तर गटामागे २५० मधून कागदाचे ५०, झिजेचे २० आणि मजुरीचे १२५ जाऊन ५५ उरतात. सहा गटांचे ३३०. ते मंडळ ठेवणार आणि कशावर खर्च करायचे तेही मंडळच ठरवणार.

मोजणी झाल्यावर प्रत्येक गटाची १० पाकिटं उचला आणि आता खोडरबर टाकून हलवा. बहुतेक वेळा पहिल्या फेरीपेक्षा जास्त पाकिटं उघडतात, कारण नाकारणारं कोणी नव्हतं. सोव्हिएत नियोजनातला हा जुना आजार: वजनात लक्ष्य दिलं की माल जड होतो, नगात दिलं की हलका आणि कच्चा. पण एखाद्या वर्गाने तिसऱ्या फेरीतही पाकिटं चोख केली तर ती तशीच मान्य करा आणि का जमलं ते विचारा. निकाल ओढूनताणून आणला की खेळ फुकट गेला. मग दुसरा प्रश्न: एकही पाकीट न करता ३३० रुपयांवर हक्क कोणाचा आला? युगोस्लाव्हियाचे मिलोवान जिलास स्वतः साम्यवादी राजवटीत वरच्या पदावर होते. पक्षाचे अधिकारी हाच नवा वर्ग बनला आहे असं त्यांनी १९५७ च्या पुस्तकात लिहिलं आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला.

मोठ्या मुलांना चौथ्या फेरीचे नियम स्वतः लिहू द्या. सहकारी कारखाना, कर लावून बेकारभत्ता, मजबूत संघटना असे पर्याय ती स्वतःच काढतात. जगासमोर दोनच रस्ते होते हा समज तिथे गळून पडतो.

या तासांत चुकतं कुठे? खऱ्या गुणांचं किंवा खाऊचं बक्षीस ठेवलं की मुलं एकमेकांवर खरीखुरी चिडतात. वेळ लांबला की चर्चा गुंडाळली जाते. फेरी १० मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. आणि दुष्काळ, छावणी, खबऱ्यांचं जाळं यांचं नाट्यरूप कधीही करू नका. कारखान्याचा खेळ होतो, उपासमारीचा होत नाही.

पाचवा तास: १९१७ ते १९२८

तारखांपासूनच घोळ असतो. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग होतं, १३ दिवस मागे. म्हणून ऑक्टोबर क्रांती आपल्या पंचांगाने ७ नोव्हेंबरला येते आणि फेब्रुवारी क्रांती मार्चमध्ये. क्रांत्या दोन होत्या हेही ठसवा: पहिलीने झार गेला, दुसरीने हंगामी सरकार.

‘मग असं झालं, मग तसं झालं’ या पद्धतीने हा तास घेऊ नका. मुलांना सगळं अटळ वाटू लागतं. चार निर्णय-चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर त्या क्षणी उपलब्ध असलेली माहितीच लिहा, गटाने निर्णय घ्यायचा, मग चिठ्ठी उलटून प्रत्यक्षात काय झालं ते वाचायचं. पहिली: मार्च १९१७, हंगामी सरकारने युद्ध चालू ठेवावं का? दुसरी: जानेवारी १९१८, संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना (लेनिनच्या पक्षाला) सुमारे चतुर्थांश मतं आहेत, सर्वांत मोठा पक्ष समाजवादी क्रांतिकारकांचा आहे, सभा चालू द्यावी का? लेनिनच्या सरकारने ती एका बैठकीनंतर बंद केली. तिसरी: मार्च १९२१, यादवी युद्ध जवळजवळ जिंकलं आहे, देश उपाशी आहे, क्रोनस्टाटच्या नाविक तळावरचे नौसैनिक मुक्त सोव्हिएत निवडणुका मागताहेत. उठाव चिरडला गेला, त्याच महिन्यात पक्षांतर्गत गटांवर बंदी आली, आणि त्याच महिन्यात शेतकऱ्यांना उरलेलं धान्य विकायची सूट देणारं नवं आर्थिक धोरणही आलं. चौथी: १९२८, धान्य शहरात पुरेसं येत नाही, भाव वाढवून द्यायचा की जबरदस्तीने उचलायचं? ही चिठ्ठी उलटू नका. पुढचा तास तिथूनच सुरू होतो.

सहावा तास: दुष्काळ आणि आकडे

हा सगळ्यात अवघड तास. स्टालिनच्या काळातला १९३२-३३ चा आणि माओच्या काळातला १९५८ नंतरचा, असे दोनच दुष्काळ घ्या. बाकीच्या घटना दोरीवर चिठ्ठीपुरत्या.

सोव्हिएत दुष्काळाची साखळी अशी: शेतं सामूहिक करण्याची सक्ती, विरोध करणाऱ्यांना ‘कुलक’ (श्रीमंत शेतकरी) ठरवून हद्दपारी, जनावरांची कत्तल, पीक कमी, तरी धान्यवसुलीचं लक्ष्य चढं आणि निर्यात चालूच. ऑगस्ट १९३२ च्या हुकमाने सामूहिक शेतातली चोरी, मूठभर कणसंसुद्धा, मृत्युदंडाला पात्र ठरली. जानेवारी १९३३ मध्ये युक्रेन आणि शेजारच्या कुबान प्रदेशातून शेतकऱ्यांना बाहेर पडायला बंदी झाली. युक्रेनमधल्या मृत्यूंचे अंदाज साधारण ३५ ते ५० लाख, कझाकस्तानात सुमारे १५ लाख. युक्रेनमधलं हे हत्याकांड त्या राष्ट्राला लक्ष्य करून झालं, की सगळ्या शेतकरीवर्गावरच्या जबरदस्तीचा तो भाग होता, यावर वाद आहे. माणसं धोरणामुळे मेली, यावर नाही.

चीनमध्ये कारणांची साखळी थोडी वेगळी. खालून वर फुगवलेले पिकाचे आकडे, त्या खोट्या आकड्यांवर वसुली, शेतातली माणसं परसातल्या भट्ट्यांत लोखंड वितळवायला. १९५९ मध्ये लुशानच्या पक्ष-बैठकीत संरक्षणमंत्री फंग दहुआय यांनी टीका केली आणि त्यांचं पद गेलं. त्यानंतर वाईट बातमी वर सांगायला कोण धजावणार? मृत्यूंचे अंदाज दीड ते साडेचार कोटी. मोठ्या मुलांना इथे अमर्त्य सेन यांची तुलना द्या: स्वतंत्र भारतात मुक्त वृत्तपत्रं आणि विरोधी पक्ष असल्यामुळे असा दुष्काळ झाला नाही, पण नेहमीच्या काळात मृत्युदर कमी करण्यात चीन भारताच्या पुढे होता. एका वाक्याने कोणाचीच बाजू पूर्ण होत नाही, आणि म्हणूनच ती तुलना चांगली.

आकड्यांसाठी तीन नियम फळ्यावर कायम ठेवा: एक आकडा नव्हे, पल्ला लिहा, काय मोजलं ते लिहा, मोजणी कशावरून ते लिहा. १९३७-३८ मध्ये गोळ्या घातलेल्यांचा सुमारे ६,८२,००० हा आकडा खुद्द सोव्हिएत दप्तरातला आहे, म्हणून तो नेमका आहे. दुष्काळाचे आकडे लोकसंख्येच्या गणितातून येतात, म्हणून पल्ला मोठा. ‘साम्यवादाने १० कोटी मारले’ हा आकडा मुलं घरून घेऊन येतात. तो १९९७ च्या एका फ्रेंच ग्रंथाच्या प्रस्तावनेमुळे पसरला आणि त्याच ग्रंथातल्या दोन लेखकांनी तो उघडपणे नाकारला. त्यात गोळीबार, छावण्या आणि दुष्काळ एकत्र मोजले आहेत. हे सांगताना सूर ‘म्हणजे तितके मेले नाहीत’ असा जाऊ देऊ नका. त्याउलट कोणी म्हणेल, ‘भांडवलशाहीने आणि वसाहतवादाने किती मारले?’ प्रश्न रास्त आहे, त्याची वेगळी मोजणी करा. एका खात्यातल्या रकमेने दुसरं खातं फिटत नाही.

कंबोडियावर दोनच मिनिटं, पण ती घ्या: पोल पॉटची राजवट, एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९, सुमारे ८० लाखांच्या देशात १५ ते २० लाख मृत्यू. ती राजवट पाडली ती व्हिएतनामच्या साम्यवादी सरकारच्या सैन्याने. सगळे साम्यवादी देश एकाच माळेचे मणी समजणाऱ्या मुलांना हे एक वाक्य पुरतं.

सातवा तास: फोटो, भिंत, संप

५ मे १९२० रोजी मॉस्कोत व्यासपीठावरून बोलणाऱ्या लेनिनचा फोटो दोन रूपांत दाखवा. एकात पायऱ्यांवर ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह हे क्रांतीतले त्याचे सहकारी आहेत, नंतरच्या प्रतींत नाहीत. कालव्याच्या काठावर स्टालिनच्या शेजारी उभा असलेला गुप्त पोलीसप्रमुख येझोव्हही असाच गायब झाला. त्याला १९४० मध्ये गोळ्या घातल्या. फरक मुलांनी शोधावा, सांगू नका. खालची तारीख झाकून ‘आधीचा कोणता?’ हे विचारा.

याच तासाला जमेची बाजू. १८९७ च्या जनगणनेत रशियन साम्राज्यात ९ वर्षांवरच्या साक्षरांचं प्रमाण सुमारे २८ टक्के होतं, १९३९ च्या अधिकृत मोजणीत ८० टक्क्यांच्या वर. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली आणि हिटलरच्या सैन्याचा कणा पूर्व आघाडीवर मोडला. १९५७ चा पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक, १९६१ चा पहिला अंतराळवीर गागारिन. हे सगळं एका दमात सांगता येतं. शीतयुद्धाचे तपशील इथे घुसडू नका, तो वेगळा धडा आहे.

मग दोन चित्रं. १९४९ ते १९६१ मध्ये सुमारे २७ लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले, म्हणून १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनची भिंत उभी राहू लागली. भिंतीचं तोंड कोणाला अडवायला आहे ते नकाशावर दाखवा. भिंत बाहेरच्यांना रोखायला होती असं अनेक मुलं धरून चालतात. दुसरं, ऑगस्ट १९८० मधला पोलंडच्या ग्दान्स्क गोदीतला संप. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात कामगारच स्वतंत्र संघटना मागत होते, आणि त्यांच्या ‘सॉलिडॅरिटी’ या संघटनेची सभासदसंख्या १ कोटीच्या घरात गेली. खेळातला दुसऱ्या फेरीतला संप इथे आठवून द्या.

आठवा तास: तिसरा प्रश्न

वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार फलक. विचारातच दोष होता: सगळी साधनं एका हातात गेली की सत्ताही जाते. परिस्थितीने घडवलं: युद्ध, मागास शेती, शत्रूंचा वेढा. माणसांनी घडवलं: स्टालिन, माओ, पोल पॉट. एकपक्षीय सत्तेने घडवलं, विचाराने नव्हे. मुलांनी कोपरा निवडायचा, पण आधीच्या तासांतला एक तरी पुरावा हातात घेऊन. पुराव्याच्या चिठ्ठ्या आधी वाटा. रोझा लक्झेंबर्ग स्वतः क्रांतिकारक होत्या आणि १९१८ मध्येच तुरुंगातून त्यांनी संविधान सभा बंद करण्यावर टीका केली. १९५७ मध्ये केरळात ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांचं साम्यवादी सरकार मतपेटीतून आलं, १९५९ मध्ये केंद्राने ते बरखास्त केलं, आणि पक्ष पुढेही निवडणुका लढवत राहिला. १९७६ मध्ये इटलीच्या साम्यवादी पक्षाला सुमारे ३४ टक्के मतं पडली. याउलट, ज्या देशांत असा पक्ष क्रांतीने किंवा सैन्याच्या जोरावर सत्तेवर आला तिथे खुल्या निवडणुका टिकल्या का? पुरावा ऐकून कोपरा बदलायची मुभा असू द्या आणि किती जणांनी बदलला ते नोंदवा.

शेवटच्या दहा मिनिटांत पहिल्या दिवसाचं पाकीट उघडा. चिठ्ठ्या कोणाच्याही हातात येतील अशा वाटा आणि दुरुस्त करायला सांगा.

मुलं विचारतातच असे काही प्रश्न

‘स्वीडन साम्यवादी आहे का?’ नाही. तिथे कारखाने बहुतांशी खाजगी, कर जास्त, सरकारी सेवा भरपूर आणि निवडणुका खुल्या.

‘हिटलरच्या पक्षाच्या नावात समाजवादी होतं ना?’ होतं. पण सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्याने साम्यवादी पक्ष मोडला, आणि नाझींच्या दाखाउ छावणीतल्या पहिल्या कैद्यांत साम्यवादीच मोठ्या संख्येने होते. त्याच वेळी ऑगस्ट १९३९ चा हिटलर-स्टालिन अनाक्रमण करारही सांगा.

‘आज चीन काय आहे?’ सत्ता एका साम्यवादी पक्षाची, आणि १९७८ च्या सुधारणांपासून बाजार आणि खाजगी कंपन्या जोरात. व्हिएतनामने १९८६ मध्ये तसाच रस्ता धरला. नाव काय द्यायचं यावर वाद आहे, तोच वर्गात घाला.

‘सर, तुम्ही कोणाच्या बाजूचे?’ टाळाटाळ केली की मुलं अंदाज बांधतात. ‘माझं मत आहे, ते शेवटच्या तासानंतर विचारा’ एवढं म्हणा आणि मग खरंच सांगा. वर्गात लाल झेंड्याच्या घरातलं मूल असू शकतं आणि अशा राजवटीतून पळून आलेल्या घरातलंही. दोघांनाही प्रतिनिधी म्हणून उभं करू नका. पालकांना आधीच एक पानी पत्र द्या: आठ तासांचे विषय, खेळाचं स्वरूप, आणि मताला गुण नाहीत हे वाक्य.

मूल्यमापन

‘साम्यवाद चांगला की वाईट?’ हा प्रश्न देऊ नका. मुलं शिक्षकाच्या मनातलं उत्तर शोधतात. त्याऐवजी आठव्या तासाला जो कोपरा निवडला नाही त्याची बाजू ३०० शब्दांत लिहायला द्या. २० गुणांची विभागणी अशी: विचाराची मांडणी अचूक ५, कारण-परिणाम आणि सालं ५, एका साधनाचा किंवा आकड्याचा तीन नियमांनुसार वापर ५, आणि ती बाजू मानणाऱ्या माणसाला ‘हो, माझं म्हणणं हेच’ असं वाटेल इतकी प्रामाणिक मांडणी ५. बहुतेकांचे गुण शेवटच्या निकषावर जातात. पहिल्या मसुद्यात मुलं विरोधी बाजू मुद्दाम बावळट करून लिहितात, म्हणून मसुदा एकदा परत देऊन दुसऱ्यांदा लिहायला दोन दिवस ठेवा.